फॅन क्लच गेलाय म्हणे? बदलायच्या आधी एवढं बघा

गाडी घाटात हीट घ्यायला लागली की रस्त्याकडेचा मेकॅनिक बॉनेट उघडतो, पंख्याला बोटानं एक टिचकी मारतो आणि सांगतो, "दादा, फॅन क्लच गेलाय, बदलावा लागेल." आमचं पण असंच झालेलं. मे महिना, पुण्याहून साताऱ्याकडं निघालेलो, जुनी सात सीटर डिझेल गाडी, आत माणसं सात, टपावर सामान, एसी फुल्ल, आणि खंबाटकी चढताना टेम्परेचरचा काटा हळूहळू वर. क्लच बदलला, पैसे गेले, आणि पुढच्या महिन्यात त्याच घाटात गाडी परत तापली. दुखणं रेडिएटरच्या (इंजिनचं गरम पाणी गार करणारी पुढची जाळी) पोटात होतं, जुना क्लच बिचारा चांगला होता आणि मी तो भंगारात घातला. तेव्हापासून हा पार्ट नेमका काय करतो ते बघायच्या नादाला लागलोय, त्यातलं नवीन माणसाला उपयोगी पडेल तेवढं इथं लिहितो.

आधी तुमच्या गाडीला हा प्रकार आहे का ते बघा. अल्टो, स्विफ्ट, आय टेन असल्या गाड्या असतील तर लेख इथंच सोडला तरी चालेल, कारण त्यांची इंजिनं आडवी बसवलेली असतात, इंजिनची पुली बाजूच्या चाकाकडं तोंड करून असते, त्यामुळं रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा, मोटरवर चालणारा. फॅन क्लच असतो तो उभ्या इंजिनच्या, म्हणजे पुली रेडिएटरकडं तोंड करून असलेल्या गाड्यांना, जसं बोलेरो, सुमो, क्वालिस, जुनी डिझेल इनोव्हा, शिवाय टेम्पो आणि ट्रक. इंजिन बंद करून, चावी काढून बॉनेट उघडा. रेडिएटरच्या मागं मोठा पंखा, पंख्याच्या मध्यभागी ताटलीएवढा अल्युमिनियमचा गड्डा, त्याच्यावर उभ्या पाकळ्या पाकळ्या, आणि रेडिएटरकडच्या तोंडाला मधोमध घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक पट्टी किंवा नुसती सरळ पट्टी दिसली तर तोच फॅन क्लच. गॅरेजमधे याला कोणी व्हिस्कस म्हणतं, कोणी कपलिंग म्हणतं, सगळं एकच. मागनं तो बहुतेक गाड्यांत वॉटर बॉडीच्या म्हणजे पाण्याच्या पंपाच्या पुलीवर बसलेला असतो आणि बेल्टनं फिरतो. काही गाड्यांना पुढं एसीच्या कंडेन्सरसाठी (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) वेगळा छोटा इलेक्ट्रिक पंखा पण असतो, तो फिरताना बघून "आपला पंखा चालू आहे की" असं समजू नका, तो वेगळा हा वेगळा.

मग पंखा सरळ पुलीला बोल्टनं का नाही आवळला? जुन्या अॅम्बॅसेडरला, जुन्या जीपला तसाच होता की. होता, पण इंजिन जेवढं फिरेल तेवढा तोही फिरायचा, गरज असो नसो. आणि पंख्याचं गणित असं विचित्र आहे की स्पीड दुप्पट केला तर त्याला फिरवायला लागणारी ताकद दुप्पट लागत नाही, आठपट लागते. म्हणजे हायवेवर इंजिन जोरात फिरतंय, समोरून वारा आपोआप येतोय, पंख्याची काहीच गरज नाही आणि नेमका तेव्हाच तो इंजिनकडनं सगळ्यात जास्त ताकद खातोय, वर आवाज करतोय. उलट ट्रॅफिकमधे इंजिन आयडलला (एक्सलेटर न देता नुसतं चालू), समोरून वारा शून्य, गरज सगळ्यात जास्त आणि पंखा हळू. फॅन क्लच यातला पहिला त्रास मिटवतो. नको तेव्हा पंखा मोकळा सोडायचा, पाहिजे तेव्हा धरायचा, एवढंच त्याचं काम.

आता आतलं. सोपं करून सांगतो. आत एक चकती आहे, ती पुलीबरोबर इंजिनच्या हिशोबानं कायम फिरत असते. बाहेर तो अल्युमिनियमचा गड्डा, त्याला पंखा आवळलेला, आणि दोघांच्या मधे बेअरिंग. चकती आणि गड्डा एकमेकांना थेट चिकटलेले नाहीतच. दोघांवर गोल गोल खाचा असतात, एकाच्या खाचेत दुसऱ्याची कड, आणि मधे अगदी बारीक फट. त्या फटीत सिलिकॉन ऑइल आलं की चकती ते ऑइल ओढते, ऑइल गड्ड्याला ओढतं, आणि पंखा फिरतो. मधाच्या बरणीत चमचा जोरात फिरवला की बरणी पण हातातून फिरायला बघते ना, तसं. ऑइल काढून घेतलं की ओढायला काही राहत नाही, पंखा आळसावतो.

ऑइल आत बाहेर कोण करतं? क्लचच्या आतच पुढच्या बाजूला एक छोटी टाकी आहे, गार असताना ऑइल तिथं साठतं. टाकी आणि खाचांच्या मधे एक भोक, भोकावर एक पातळ पत्र्याचा व्हॉल्व. त्या व्हॉल्वची दांडी बाहेरच्या स्प्रिंगसारख्या पट्टीला जोडलेली. ही पट्टी दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली असते, तापली की एक धातू जास्त वाढतो दुसरा कमी, त्यामुळं पट्टी वळते, दांडी फिरते, भोक उघडतं, ऑइल खाचांमधे उतरतं, पंखा धरला. हवा गार झाली की पट्टी परत जागेवर, भोक बंद, आणि चकतीच्या कडेला असलेली पंपासारखी रचना खाचांमधलं ऑइल परत टाकीत ढकलते. वायर नाही, सेन्सर नाही, कंप्युटर नाही. (नवीन काही गाड्यांत क्लचला वायर आलेली असते, तिथं व्हॉल्व इंजिनचा कंप्युटर चालवतो, त्याला खालच्या सगळ्या टेस्ट जशाच्या तशा लागू नाहीत, तो स्कॅनरवाल्याकडं न्या.)

इथं एक गैरसमज फार पसरलाय. लोक सांगतात ऑइल तापलं की घट्ट होतं आणि मग पंखा धरतो. नाही हो. ऑइल घट्टबिट्ट होत नाही, उलट तापल्यावर थोडं पातळच होतं, सिलिकॉन एवढ्याचसाठी वापरतात की ते बाकीच्या ऑइलपेक्षा खूप कमी पातळ होतं. बदलतं ते खाचांमधल्या ऑइलचं प्रमाण.

आणि याच्याहून महत्त्वाची गोष्ट, जी मला कोणी आधी सांगितली असती तर माझा एक क्लच वाचला असता: त्या पट्टीला तुमच्या इंजिनचं टेम्परेचर माहीत नसतं. डॅशबोर्डचा काटा तिला दिसत नाही. तिला कळते फक्त रेडिएटरमधून पार होऊन तिच्या अंगावर आलेली हवा. ती हवा साधारण ७०-८० डिग्रीच्या आसपास गेली (गाडीप्रमाणे आकडा बदलतो) की पंखा धरायला लागतो. म्हणजे इंजिन उकळतंय पण गरम पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नाही, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व) बंद अडकलाय, किंवा बोअरचं पाणी भरून भरून रेडिएटरच्या मधल्या नळ्या क्षारानं चोक झाल्यात, तर पट्टीसमोरची हवा गारच राहणार आणि पंखा ढिलाच फिरणार. मेकॅनिक म्हणणार क्लच गेला. क्लच गेलेला नसतो, त्याच्यापर्यंत निरोपच पोचलेला नसतो.

बिघाड शोधायच्या आधी चांगला क्लच कसा वागतो ते माहीत पाहिजे. सकाळी पहिला स्टार्ट मारला की पंखा जोरात घोंगावतो, मिनिट दोन मिनिटांनी शांत होतो. रात्रभर गाडी उभी असताना ऑइल खाली खाचांमधे उतरलेलं असतं, ते परत टाकीत जाईपर्यंतचा तो आवाज, एकदम नॉर्मल. हायवेवर आवाज नाही. घाटात किंवा मोठ्या सिग्नलला एसी लावून थांबल्यावर थोड्या वेळानं एक्सलेटर दिला की ट्रकसारखा घूंऽऽ आवाज, तोही नॉर्मल, किंबहुना तो आला नाही तरच काळजी. आणि पंखा कधीच पूर्ण थांबत नाही, मोकळा असताना पण पुलीच्या साधारण २०-३० टक्के स्पीडनं रेंगाळत असतो. "पंखा फिरतोय म्हणजे क्लच चांगला" असं म्हणूनच धरता येत नाही. पूर्ण धरला तरी शंभर टक्के धरत नाही, थोडा घसरतोच, आणि इंजिन जितकं जास्त फिरवाल तितका जास्त घसरतो, म्हणून पाती तुटेपर्यंत पंखा पळत नाही.

चला आता तपासायला. पहिली पायरी इंजिन गार असताना, सकाळी, चावी खिशात ठेवून. पाती नीट बघा, एकाही पात्याला तडा दिसला तर पुढं काही तपासायचं नाही, पंखा बदलायचा, कारण तडकलेलं पातं जोरात फिरताना सुटलं तर रेडिएटर फाडतं आणि समोर माणूस असेल तर त्यालाही सोडत नाही. मग पंखा हातानं फिरवा. थोडा अडवून अडवून फिरला पाहिजे, सोडल्यावर फार तर एखाद्या फेरीत थांबला पाहिजे. टिचकीवर भिंगरीसारखा चार पाच फेऱ्या गेला तर ऑइल संपलंय. अजिबातच हलेना, जोर लावला की पुली बेल्टसकट ओढतो, तर आतून जाम झालाय. खरखर लागली तर बेअरिंग. मग पात्याचं टोक धरून पुढं मागं हलवा, टोकाला अगदी किंचित हललं तर चालतं, पण ५-६ मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ नको. हलतंय ते क्लचचं बेअरिंग की वॉटर बॉडीचं हे पण बघा, पुली पण सोबत हलत असेल तर वॉटर बॉडी, आणि तसं असेल तर दोन्ही एकदमच करून घ्या, कारण क्लच लटकायला लागला की वॉटर बॉडीचं बेअरिंग खातो आणि उलटंही होतं.

मग टॉर्च मारून गड्ड्याचं तोंड बघा. मधल्या दांडीपासून किंवा मागच्या बेअरिंगपासून बाहेर फेकल्यासारख्या काळ्या चिकट रेघा, त्याच्यावर धूळ बसलेली, म्हणजे सिलिकॉन गळतंय. नुसता तेलकटपणा असेल तर घाबरू नका, वरून इंजिन ऑइलपण उडू शकतं, पुसून ठेवा आणि आठवड्यानं परत बघा. पट्टी तुटलीय का, चिखलानं बुजलीय का तेही याच वेळी. शेतरस्त्यावर फिरणाऱ्या गाड्यांत पट्टीत चिखल वाळून बसतो आणि ती वळायचीच थांबते, मऊ ब्रश आणि साधं पाणी मारलं की काम झालं. तिला पकडीनं वाकवून "सेटिंग" करणारे उस्ताद असतात, त्यांना हात लावू देऊ नका.

याच पायरीत काउल, म्हणजे पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं, आहे ना बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत कुठल्यातरी कामाला ते काढलेलं असतं आणि परत बसवलेलंच नसतं. कडं नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूबाजूची हवा घुसळत बसतो. आणि पुढनं जाळी बघा, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे किडे, भुस्सा, प्लॅस्टिकच्या पिशव्या किती अडकलेल्या असतात हे बघून धक्का बसेल.

दुसरी पायरी गरम इंजिनवर, आणि इथं दोन माणसं पाहिजेत, एक सीटवर काट्यावर नजर ठेवून, एक बाहेर. गाडी मोकळ्यात सपाटीवर, न्यूट्रल, हँडब्रेक, एसी बंद. बाहेरच्यानं शर्टाच्या बाह्या वर घ्यायच्या, गळ्यातलं आयडी कार्ड, ओढणी, मफलर काढून ठेवायचं, आणि पंख्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. इंजिन नॉर्मल गरम झालं की ग्रिलच्या बाहेरून पुठ्ठा धरून बराचसा रेडिएटर झाका आणि सीटवरच्यानं इंजिन दीड-दोन हजार आरपीएमवर ठेवायचं. काही मिनिटांत हवा तापेल, आणि काटा लाल पट्ट्याकडं जायच्या आधीच पंख्याचा आवाज स्पष्ट वाढला पाहिजे, बाजूनं उभ्या माणसाला वाऱ्याचा झोत बदललेला कळतो. पुठ्ठा काढा, थोड्या वेळानं आवाज परत उतरला पाहिजे. काटा नेहमीच्या जागेच्या बराच वर गेला आणि पंखा ढिम्म, तर टेस्ट तिथंच थांबवा, पुठ्ठा काढा, आयडलला सोडा. हौसेखातर हेड गॅस्किट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधलं सील) उडवू नका. पंखा धरलेला असतानाच इंजिन बंद करून बघा, चांगला क्लच इंजिनबरोबर जवळजवळ लगेच थांबतो, गेलेला मागनं निवांत फिरत राहतो. चालू पंख्यात पेपरची गुंडाळी घालून "थांबतो का बघू" अशी एक टेस्ट लोक करतात, मी करत नाही, तुम्हीही करू नका, बोटं दहाच आहेत.

तिसरी पायरी हीच की पंखा धरत नसेल तर लगेच क्लचला दोष द्यायचा नाही. इंजिन गरम, बंद केलेलं, आता रेडिएटरचं टेम्परेचर घ्या. टेम्परेचर गन असेल तर उत्तम (कोरोनात घेतलेली कपाळावर धरायची नाही हां, ती ताप मोजायला बनवलीय, एवढी गरम वस्तू तिला कळत नाही). वरचा पाइप कडक गरम आहे का? काटा वर आणि वरचा पाइप कोमट, म्हणजे थर्मोस्टॅट किंवा कूलंटच (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी. पाइप गरम आहे पण रेडिएटरच्या मधल्या भागात गन फिरवताना एकदम गार पट्टा लागतो, म्हणजे तिथल्या नळ्या चोक, माझ्या गाडीसारखं. पाइपही गरम, रेडिएटरही सगळीकडं सारखा गरम, पट्टीसमोर गरम हवा येतेय आणि तरी पंखा लोळतोय, आता मात्र क्लच गेला असं छातीठोक म्हणा. आणि या सगळ्यात गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, आत प्रेशरखाली शंभरच्या वरचं पाणी असतं, झाकण सैल केलं की कारंजं थेट तोंडावर.

गाडी कधी तापते त्यावरनं पण बरंच कळतं. ट्रॅफिकमधे आणि घाटात तापते, एसी उभ्या गाडीत गरम हवा फेकतो, पण हायवेला ८० च्या स्पीडला काटा जागेवर, तर संशय पंखा आणि क्लचवर घ्या. हायवेला तापते आणि गावात ठीक, तर क्लचचा संबंध नाही, तिथं वारा फुकट मिळतोय, रेडिएटर आणि कूलंट बघा. आणि गाडी तापत नाही पण दिवसभर ट्रकसारखा आवाज, पिकअप मेलेला, अॅव्हरेज कमी झालेलं, तर क्लच धरूनच बसलाय, सुटत नाही. हा प्रकार लोक वर्षानुवर्षं चालवून घेतात कारण काटा खाली असतो.

बदलायचं ठरलं तर घाई करू नका. रेडिएटर आणि पंख्याच्या मधे हात जाईल एवढीच जागा असते, म्हणून आधी काउल सैल करा आणि रेडिएटरसमोर जाड पुठ्ठा उभा करा, पाना सटकला की पहिला मार जाळीवर बसतो. बऱ्याच गाड्यांत पुलीवर चार नट असतात, बेल्ट ताणलेला असतानाच ते थोडे सैल करायचे, नाहीतर पुली फिरत राहते. काही गाड्यांत, बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलांत, एकच मोठा ३२ चा नट आणि त्याला उलटे आटे असतात, तिथं सवयीनं जोर लावलात तर आणखी आवळाल. कुठल्या बाजूला सुटतो ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधे बघून मगच पाना घाला. काढलेला असो की नवीन, क्लच टेबलावर आडवा टाकायचा नाही, गाडीत जसा उभा असतो तसा उभाच ठेवायचा, आडवा पडला की ऑइल नको तिथं जातं. दुकानात पण बॉक्स कसा ठेवलेला होता बघून घ्या, दुकानदार हसेल, हसू दे.

ऑइल भरून जुना क्लच जिवंत करता येतो का, हा प्रश्न येणारच. टोयोटाच्या बऱ्याच क्लचची दोन अर्धुकं स्क्रूनं जोडलेली असतात, ती उघडता येतात, आणि टोयोटा त्यासाठी १८ मिलिलिटरच्या ट्यूबमधे सिलिकॉन ऑइल विकतं, वेगवेगळ्या घट्टपणाचं, ३,००० आणि १०,००० सेंटीस्टोक वगैरे. लँड क्रूझरवाले जगभर हा उद्योग करतात. पण बाकीचे बरेच क्लच कायमचे दाबून बंद केलेले असतात, ते उघडायचे नसतात, आणि बेअरिंग गेलेलं असेल तर ऑइल भरून काय उपयोग. नवीन माणसानं हे पहिल्याच महिन्यात करू नये असं माझं मत. इंजिन ऑइल किंवा ग्रीस भरणाऱ्यापासून तर चार हात लांब.

आणि "डायरेक्ट करून देतो" हा आपल्याकडचा लाडका जुगाड. म्हणजे क्लच वेल्डिंगनं किंवा बोल्ट घालून जाम करायचा, पंखा कायम धरलेला. घाटात अडकलात, घरी पोचायचंय, बोल्ट घालून जमत असेल तर तेवढ्यापुरतं ठीक, पण इंजिन जास्त फिरवू नका. कायमचं नको. ती पाती क्लच घसरणार हे गृहीत धरून बनवलेली असतात, इंजिन चार हजारला नेलं की त्यांच्यावर आणि वॉटर बॉडीच्या बेअरिंगवर नको तेवढा ताण, डिझेल जास्त जातं ते वेगळंच. क्लच काढून इलेक्ट्रिक पंखा लावतात काहीजण, होतं ते पण, फक्त बाजारातला कुठलाही बारका पंखा त्या मोठ्या पात्यांएवढी हवा ओढत नाही, आणि वायरिंगला रिले-फ्यूज न टाकता सरळ बॅटरीला जोडणारे पाहिलेत मी.

नवीन क्लच बसवल्यावर पहिल्या स्टार्टला पंखा भयंकर आवाज करेल, प्रवासात ऑइल इकडंतिकडं गेलेलं असतं. पाच मिनिटं चालू ठेवा, बहुतेक वेळा शांत होतो. मग बंद करून नट परत एकदा तपासा, बेल्टचा ताण बघा, पात्याचं टोक काउलला कुठं घासत नाही ना ते हातानं एक पूर्ण फेरी फिरवून बघा. शंभर एक किलोमीटर झाले की नट पुन्हा एकदा. आणि जुना क्लच लगेच भंगारात देऊ नका, घाटातनं एकदा एसी लावून जाऊन या, मगच द्या.